रियाम ते मत्राह, बसत बसत

पुण्याचा माणूस डोंगराला घाबरत नाही असा एक समज आहे आणि तो पसरवण्यात माझाही थोडाफार हातभार आहे. सिंहगड मी इतक्या वेळा 'केलाय' की विचारू नका. त्यातला चढ जीपने केला आणि मी फक्त पिठलं-भाकरी केली, म्हणजे खाल्ली, हा तपशील मस्कतच्या मुक्कामात जावयाला सांगायची कधी वेळ आली नव्हती. त्यामुळे जानेवारीतल्या एका शुक्रवारी (तिकडे शुक्रवार-शनिवार सुट्टी) तो म्हणाला, "बाबा, इथे सी-३८ नावाचा छोटासा ट्रेल आहे, रियाम ते मत्राह, जेमतेम दोन-अडीच किलोमीटर, तुम्हाला काय, हातचा मळ," तेव्हा मी चहा बशीत ओतता ओतता, कळसूबाईला रोज दूध घालायला जात असल्यासारखा चेहरा करून "चालेल की" म्हणून टाकलं. बायकोने माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं.

रियामला टेकडीवर एक अवाढव्य पांढरी धूपदाणी बांधून ठेवलीय. तिच्या जवळपासच वाट सुरू होते. जावई सांगत होता की समुद्राकाठचा रस्ता झाला नव्हता तेव्हा इकडची माणसं हा डोंगर ओलांडूनच मत्राहच्या बाजाराला जायची.

"म्हणजे आता रस्ता आहे?"

"हो, सपाट. फूटपाथसुद्धा आहे."

"मग?"

या 'मग'चं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

माझी तयारी म्हणाल तर चोख होती. थर्मास, भडंगाचा डबा, अमृतांजन आणि छत्री. छत्रीला सगळे हसले, पण मस्कतच्या डोंगरावर सावली नावाची चीज नाही. तव्यावर विसरलेल्या पुरणपोळीच्या रंगाचे उघडेबोडके डोंगर, आणि वाट चुकू नये म्हणून दगडांवर पिवळे, पांढरे, लाल पट्टे रंगवलेले. सुरुवातीच्या पायऱ्या मी रुबाबात चढलो, पुढच्या मोजत चढलो आणि त्यापुढच्या 'वा, काय समुद्र दिसतोय' असं दर चार पायऱ्यांना म्हणत चढलो. त्या वळणावरून समुद्र दिसत नव्हता. बायको पंजाबी ड्रेसवर मुलीचे बूट घालून केव्हाच दिसेनाशी झाली होती.

जावई तेल कंपनीत आहे, त्यामुळे त्याला खडकांचा भारी पुळका. माझा श्वास लागला की तो एकेक माहिती देई, तेवढीच मला उसंत. हे खडक मुळात समुद्राच्या तळाच्याही खालचे, सुमारे साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीचे, पुढे उचलून जमिनीवर ढकलले गेले, त्यांना ओफिओलाइट म्हणतात आणि ते बघायला जगभरचे भूशास्त्रज्ञ ओमानला येतात. आपला सह्याद्री साडेसहा कोटींच्या आसपासचा, म्हणजे यांच्यापुढे पोरसवदाच. मी मान डोलावली आणि त्याला म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी जरा खडक बघतो.

खडक बघत, म्हणजे त्याच्यावर छत्री उघडून बसून मी भडंगाचा बकाणा भरला. वर एक पांढरं गिधाड घिरट्या घालू लागलं. मस्कतकडे ही पुष्कळ. त्याने माझ्यावर दोन फेऱ्या मारल्या, नीट न्याहाळलं आणि निघून गेलं. त्यालाही माझ्यात काही राम दिसला नसावा.

तेवढ्यात बंदराला लागलेल्या क्रूझमधल्या एक गोऱ्या आजीबाई दोन काठ्या टेकत आल्या. वयाने माझ्यापेक्षा खासा दहा वर्षांनी मोठ्या, पण दम माझ्याइतका लागलेला नव्हता. म्हणजे लागलेलाच नव्हता. छत्रीखाली ठाण मांडून बसलेला सावळा गृहस्थ हा इथला गाईडच असणार अशी त्यांची समजूत झाली. ती मी दूर करायला हवी होती, पण तोंडात भडंग होता. गिळून होईपर्यंत त्यांनी खडकाविषयी विचारलंही, आणि बँकेतल्या माझ्या इंग्रजीत साडेनऊ कोटी वर्षं, समुद्राचा तळ, भूशास्त्रज्ञ असं सगळं मी असं काही फर्मास सांगितलं की बाई भारावल्या. मग पुढची वाट दाखवायला मी छत्री रोखून ऐटीत उठलो, पायाखालची खडी सरकली आणि तो समुद्रतळाखालचा खडक मी बऱ्याच अंतरापर्यंत बैठकीने तपासत खाली गेलो. छत्री उलटी झाली. बाईंनी काठी पुढे करून मला उभं केलं, विजारीमागची धूळ झटकली आणि माझ्या हातात एक रियालची नोट ठेवली.

निवृत्तीनंतरची पहिली कमाई. दोनशे रुपयांच्या वर!

उतार मी बाईंच्या मागोमाग उतरलो. गाईड मागून येतोय याचं त्यांना काही वाटलं नाही. पडक्या दगडी भिंती, वाळक्या ओढ्यात मधेच साठलेलं पाणी, असं सगळं खूप सुंदर होतं म्हणतात. मी बाईंच्या टाचा बघत होतो. शेवटी एकदाच्या मत्राहच्या गल्ल्या लागल्या. बायको आणि जावई तिथल्या टपरीवर दुसरा चहा घेत होते.

गाडी राहिली होती रियामला. "मी काठाकाठाने जाऊन घेऊन येतो," म्हणून जावई निघाला आणि अर्ध्या तासाच्या आत हजरही झाला, त्याला घामसुद्धा आला नव्हता. मी टपरीच्या खुर्चीवर एका कुशीवर कलून बसलो होतो.

"मी बाजारात लोबान बघून येते," बायको म्हणाली, "वेळ लागेल हं."

इतक्या वर्षांच्या संसारात या वाक्यावर मी घड्याळ बघितलं नाही असं कधी झालं नव्हतं. पण उठायचं कसं हा प्रश्न होता.

"सावकाश घे," मी म्हणालो.

ती दोन पावलं गेली, थबकली आणि हात पुढे करत परत आली.

"तो रियाल आणा इकडे."