शुभरात्री, पण कोणाला?

मार्गारेट वाइज ब्राउन यांचं ‘गुडनाइट मून’ हे मुलांना झोपवायचं चित्रपुस्तक १९४७ साली आलं. त्यातल्या सशाच्या पिल्लाला भलीमोठी हिरवी खोली आहे, पेटती शेकोटी आहे, चंद्र दिसणारी खिडकी आहे. भावंड एकही नाही. मग झोप येईल नाही तर काय!

आमच्या मनवेलपाड्यात वन रूम किचनमधली गादी दहाला अंथरली जाते आणि पंख्याखालच्या जागेचा तंटा दहा वाजून एक मिनिटाने सुरू होतो. धाकटीला पुस्तक हवं असतं; थोरल्याला ते तिला मिळू द्यायचं नसतं. खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते. चंद्र असेल, वरच्या मजल्यावाल्यांना. दोघं एकदाची डोळे मिटतात, तेवढ्यात विरार लोकलमधून उतरलेले बाबा बेल वाजवतात. खेळ पहिल्यापासून.

मुलांच्या पुस्तकांत घरातली माणसं माधुरी पुरंदरे यांच्याइतकी खरी फार थोड्यांनी रंगवली आहेत. म्हणून त्यांच्या ‘राधाचं घर’ या मालिकेतलं एक पुस्तक आम्ही रोज काढतो. ते संपायच्या आत घरात एकच माणूस झोपतो. वाचणारा.