माशीने मासा धरण्याचा सविस्तर विधी

पोटासाठी मासे धरायचे असतील तर जाळे आहे, गळ आहे, गांडूळ आहे. फ्लाय फिशिंगचा पोटाशी संबंध नाही. पिसे आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी हिमालयातल्या एका संशयी माशाला खरी वाटावी, एवढेच या साधनेचे ध्येय.

साधकाने क्षेत्र चांगले निवडावे. कुलू जिल्ह्यातली तीर्थन नावापासूनच सोयीची आहे. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमधून उतरून ती बंजारच्या खोऱ्यातून वाहते आणि लारजीला बियासला मिळते. इथला ब्राउन ट्राउट मात्र मूळचा पहाडी नव्हे. 1899 साली विलायतेहून काश्मीरला निघालेली अंडी वाटेतच मेली. 1900 मधली स्कॉटलंडची खेप जगली. श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या फ्रँक मिचेल यांनी ती वाढवली आणि 1909 साली काश्मीरहून ट्राउट कुलूत आला. साहेब गेले, मासा राहिला. परदेशी असून त्याला परवाना लागत नाही. तो साधकाने मत्स्य विभागाकडून काढायचा.

आता फेक. माशीला वजन नसते, म्हणून वजन दोरीत असते. काठी घड्याळातल्या दहा आणि एक या आकड्यांमध्येच हलवावी. दोरी मागे पुरती उलगडली की पुढे फेकावी. घाई केली तर फटकन आवाज होऊन माशी तुटते. रेंगाळले तर ती मागच्या झाडात अडकते. नवशिक्याची पहिली शिकार बहुधा झाडच असते. ते पाण्यात सोडून देता येत नाही, त्यावर चढावे लागते.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून थांबतो, तेव्हा त्याच्या मागून, म्हणजे खालच्या अंगाने वर जावे. पाण्याबाहेरचे जग त्याला डोक्यावरच्या गोल खिडकीतून दिसते. उभा माणूस तिच्यात येतो, वाकलेला सहसा येत नाही. सबब साधकाने शेवाळी दगडांवरून, बर्फाच्या पाण्यात, गुडघ्यांवर सरकावे. ऑफिसात ज्याच्यापुढे चारजण उभे राहतात असा गृहस्थ वीतभर माशापुढे रांगतो, हे या विद्येचे सामाजिक कार्य. माशी पडली की ती पाण्याच्याच वेगाने वाहिली पाहिजे. दोरीने तिला जरा ओढले, तिच्यामागे केसाएवढी रेघ उमटली, की खालून वर येत असलेला ट्राउट तिथेच थांबतो, क्षणभर बघतो आणि खाली जातो.

कोणती माशी, यावर वाद घालू नये, अ‍ॅडम्स बांधावी. 1922 साली मिशिगनच्या लेन हॅलडे यांनी ती प्रथम बांधली. करडी, अमुक एका किड्याची हुबेहूब नक्कल नसलेली आणि पुष्कळांशी थोडीथोडी जुळणारी, अशी ती सर्वपक्षीय उमेदवारासारखी बऱ्याच ठिकाणी निवडून येते.

ऋतूंचे पथ्य असे. मार्चमध्ये नदी उघडते. पाणी नितळ पण इतके गार, की मासा तळाशी बसतो आणि साधकाची बोटे बधिर होतात. मासा लागला तरी कळत नाही. तळापर्यंत जाणारी वजनदार, अळीसारखी माशी वापरावी. एप्रिलमध्ये किडे पाण्यातून वर उडू लागले की तरंगती माशी काढावी. पुढे बर्फ वितळून पाणी चढते. जुलै-ऑगस्टमध्ये ते गढूळ होते. तेव्हा होमस्टेच्या व्हरांड्यात बसून माशा बांधाव्यात. लांबून ते माशा मारत बसल्यासारखेच दिसते, त्याला इलाज नाही. पावसानंतरचा ऑक्टोबर सर्वांत चांगला: पाणी निवळलेले आणि विणीआधीचा ब्राउन ट्राउट भुकेला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी विणीसाठी मासेमारी बंद. मादी तेव्हा शेपटीने वाळूखड्यांत खळगा करून अंडी घालते आणि साधक घरच्यांना फोटो दाखवतो.

कारण मासा मिळालाच, तर तो सोडायचा असतो. गळाचे काटेरी टोक आधीच पकडीने दाबून ठेवावे. हात ओले करूनच मासा धरावा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो. फोटोपुरताही त्याला फार वेळ बाहेर ठेवू नये.

खाण्यासाठीच ट्राउट हवा असेल तर पतलीकूहलला सरकारी ट्राउट फार्म आहे. तिथे तो किलोवर मिळतो.