कितीला पडली?

पुण्यात पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाला दोन छंद जडतात. एक गुंतवणुकीचा, दुसरा सायकलचा. पहिला ज्यांना साधतो ते दुसऱ्यासाठी इटलीला जातात. आमच्या ग्रुपातले काही जण टस्कनीत सायकल चालवून आले आहेत, आणि ते आल्याचं विसरू देत नाहीत. फोटोत सुरूची झाडं, द्राक्षांचे मळे, डोंगरमाथ्यावर तटबंदीचं गाव आणि पुढ्यात पोट आत ओढून उभे असलेले आमचे स्नेही. खाली एक ओळ : 'असं आपल्याकडे कुठे आहे?'

या ओळीला माझी हरकत आहे. आपल्याकडे ते चेलाडी फाट्याला आहे.

कात्रज ओलांडून, खेड शिवापूर मागे टाकून महामार्गावर चेलाडी फाट्याला उजवीकडे वळलं की नसरापूरवरून रस्ता वेल्ह्याला जातो. वळला नाहीत तर पुढे कापूरहोळ लागतं, तिथून उजवीकडे भोर. डोंगर हवेत? आहेत. माथ्यावर तटबंदी हवी? राजगड, तोरणा, रोहिडा, केंजळगड. मान फिरवाल तिकडे एक. संस्थानी गाव हवं? भोरला पंतसचिवांचा १८६९ साली बांधलेला राजवाडा उभा आहे. द्राक्षमळे नाहीत हे कबूल. पण भाताची खाचरं आहेत, आणि आंबेमोहोराचा वास सुटला की द्राक्षाची आठवण येण्याचं कारण नाही. तिकडे वळणावर चर्चची घंटा ऐकू येते म्हणे. आमच्या नसरापूरला बनेश्वराच्या देवळात पोर्तुगीज घंटाच टांगलेली आहे, अंगावर १६८३ साल कोरलेली. चिमाजी आप्पांच्या वसईच्या मोहिमेनंतर ती इकडे आली. म्हणजे युरोप बघायला विमानात बसायची गरज नाही. तो आम्ही मागेच घेऊन आलोय.

फरक आहे तो एकाच गोष्टीत. इटलीत सायकलवाल्याला मान आहे, भोर-वेल्ह्यात त्याची कीव येते.

तिकडचा मान काय सांगावा! कोमो सरोवराजवळ गिसालोच्या टेकडीवर एक चॅपेल आहे. तिथल्या मातेला १९४९ साली पोपनी सायकलस्वारांची रक्षणकर्ती म्हणून जाहीर केलं. भिंतींवर विजेत्यांच्या सायकली टांगल्यात. आमच्याकडे सायकल टांगलेली दिसते ती पंक्चरच्या दुकानात.

वेल्ह्याच्या रस्त्याला सायकलवर मध्यमवयीन माणूस दिसला की बघणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो : याच्यावर काय वेळ आली असेल! मग गाडी हळू होते. "काय वो काका, गाडी बंद पडली का?" नाही म्हटलं की दुसरा प्रश्न, "मग येष्टी चुकली?" तीही नाही म्हटल्यावर माणूस गप्प होतो. उरलेलं कारण घरगुती असणार आणि ते चारचौघांत विचारू नये, एवढी रीत मावळात सगळ्यांना आहे. "टाका मागं टेम्पोत," एवढंच तो म्हणतो.

विंझरला चहाला थांबलं की सायकलची तपासणी होते. पहिल्यांदा टायर दाबले जातात. मग कोणीतरी नळीवर टिचकी मारतो. कार्बनचा आवाज लोखंडाला शोभणारा नसतो. "फायबर हाय," निकाल लागतो. "आपल्या घागरीवानी." मी इटलीच्या जिनो बार्तालीची गोष्ट काढतो. टूर द फ्रान्स जिंकलेला हा गडी दुसऱ्या महायुद्धात सरावाच्या नावाखाली सायकल हाणायचा आणि सायकलच्या नळ्यांत लपवून ज्यूंसाठी बनावट ओळखपत्रं पोचवायचा. गोष्ट सगळ्यांना आवडते. लगेच माझ्या नळीकडे बोट जातं, "तुमच्यात काय हाय?" माझ्यात काही नसतं. खिशात शेंगदाण्याची चिक्की असते, ती वाटावी लागते.

मग तो प्रश्न येतो. कितीला पडली?

या प्रश्नाचं खरं उत्तर मी घरीसुद्धा दिलेलं नाही, तर विंझरला कुठून देणार? सायकलवाल्यांत एक अलिखित नियम आहे : किंमत सांगताना शेवटचं शून्य गिळायचं. मी शून्य गिळून आकडा सांगतो. टपरीवर शांतता पसरते. सगळ्यात वडीलधारी व्यक्ती घसा खाकरते. "फसवलं तुम्हाला. ह्यात थोडं घातलं असतं तर जुनी स्प्लेंडर आली असती." बाकीचे मान हलवतात. खरा आकडा सांगितला असता तर माझ्या नावाने बहुधा वर्गणी काढावी लागली असती.

कपड्यांचं निराळंच. इटलीच्या गिरो शर्यतीत सगळ्यांच्या पुढे असणाऱ्याला गुलाबी जर्सी मिळते, १९३१ सालापासून. ती शर्यत सुरू करणारं 'गझेत्ता देल्लो स्पोर्त' हे वर्तमानपत्र गुलाबी कागदावर छापलं जायचं, म्हणून तो रंग. आमच्या एका स्नेह्यांनी तशी जर्सी तिकडून आणली आणि ती घालून ते भोरच्या रस्त्याला आले. आमच्या भागात अंग गुलाबी असण्याचं कारण एकच : गुलाल. "कुठली ग्रामपंचायत?" एकाने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता अभिनंदन करून हातसुद्धा मिळवला.

भोर गावात मात्र कपड्यांना कोणी हसत नाही. राजवाड्यात इतक्या सिनेमांची चित्रीकरणं झालीत की भोरकरांनी मावळे, पेशवे, इंग्रज, झालंच तर नाचणाऱ्या पन्नास बाया, सगळं कोळून प्यायलंय. हेल्मेट, काळा चष्मा, घट्ट चड्डी अशा थाटात आम्ही राजवाड्यापुढे उतरलो की चौकशी होते ती कामाची : "शूटिंग किती दिवस हाय?" आणि लगेच, "हिरो कोण?" त्या वेळी सगळ्यांच्या नजरा आमच्यावरून सरकून पुढे जातात, हे जरा लागतं.

रस्त्यांचं म्हणाल तर टस्कनीत सिएनाच्या आसपास पांढऱ्या मातीचे कच्चे रस्ते आहेत. त्यांच्यावर डांबर पडू नये म्हणून तिथल्या लोकांनी १९९७ साली 'लेरोइका' नावाची सायकलफेरी सुरू केली. सायकल १९८७च्या आधीची पाहिजे, अशी अट. पुढे २००७ पासून त्याच मातीवर 'स्ट्राडे बियांके' ही नामांकित शर्यत भरू लागली. थोडक्यात, खडी, धूळ आणि खड्डे यांसाठी लोक पैसे भरतात. आपल्याकडे या तिन्ही गोष्टी फुकट आहेत, आणि कोपऱ्यावर 'काम चालू, रस्ता बंद' अशी पाटीही मिळते. अटीत बसणाऱ्या सायकली तर वेल्हे तालुक्यात घरटी निघतील. माळ्यावरून काढायचाच काय तो त्रास. (कागदोपत्री आता तो राजगड तालुका झालाय. पाबे घाटाचा चढ मात्र नाव बदलूनही तेवढाच आहे.)

पाबे घाटाबद्दल स्वतंत्र बोललं पाहिजे. सिंहगडाच्या बाजूने, खानापुरावरून येऊन हा घाट वेल्ह्याकडे उतरतो. युरोपात नावाजलेल्या घाटात दर किलोमीटरला पाटी असते : माथा किती लांब, चढ किती टक्के. आमच्याकडे हे काम माणसं करतात. अर्ध्या चढावर जीव घशाशी आला असताना शेरडांमागची आजी भेटते. "आजी, घाट किती राहिला?" "ह्ये काय, आलाच की." दोन वळणांनंतर काठी टेकून बसलेले आजोबा : "आलाच." माथ्याच्या खाली एक पोरगं : "लय लांब हाय." सगळ्यात लांब असताना जवळ आणि जवळ आल्यावर लांब, हे मोजमाप कुठल्याही यंत्रात बसत नाही, पण चढवून नेतं ते हेच. पाटीने खरं सांगितलं असतं तर मी खालूनच परतलो असतो.

माथ्यावर आलं की समोर तोरणा, १४०३ मीटर, पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला, आणि बाजूला राजगड. इथल्या मावळ्यांनी हे डोंगर गिअरशिवाय, रात्री, शत्रू वर बसलेला असताना चढले. तानाजी मालुसऱ्यांचा देह सिंहगडावरून कोकणात उमरठ्याला नेला तो याच मुलखातून, केळदच्या मढे घाटाने, असं सांगतात. हे आठवलं की पायातल्या गोळ्यांबद्दल मोठ्याने बोलायची लाज वाटते. हळू आवाजात मात्र बोलतोच.

भोरहून महाडला उतरणाऱ्या वरंध घाटाची तुलना आमचे स्नेही आल्प्समधल्या स्टेल्व्हिओशी करू देत नाहीत. तो २७५८ मीटर उंच आहे, हे मान्य. पण तो हिवाळ्यात बर्फामुळे बंद, आणि आमचा पावसाळ्यात दरडींमुळे. बंद राहण्यात आम्ही तोडीस तोड आहोत.

२०२६च्या जानेवारीत इटलीच आमच्या दारात आली. १९ ते २३ तारखांना पुणे जिल्ह्यात 'पुणे ग्रँड टूर' भरली : ४३७ किलोमीटर, देशोदेशीचे संघ, आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यता. त्यासाठी जिल्ह्यातल्या रस्त्यांवर असं डांबर पडलं की स्थानिकांना घर चुकल्याचा भास झाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शाळेची पोरं झेंडे घेऊन उभी राहिली. सायकलवाल्याची कीव करणारा मुलूख पाच दिवस टाळ्या वाजवत होता. मला वाटलं, आपले दिवस आले.

पुढच्या फेरीत विंझरच्या टपरीवर मी ऐटीत विषय काढला. शर्यत बघायला गेलेला एक जण होता. "कशी वाटली?" तो म्हणाला, "चांगली असंल. शिट्टी वाजली, सूंऽऽ झालं, बघतोय तर गेले. एकाला इचारायचं होतं." काय विचारायचं होतं, हे मी विचारलं नाही. त्याची नजर त्या वेळीही माझ्या सायकलवरच होती.

त्या दिवशी माझा टस्कनीशी असलेला वाद मिटला. मानाच्या सायकलवाल्याला टाळ्या मिळतात आणि तो निघून जातो. कीव येणाऱ्याला पाणी मिळतं, गुळाचा चहा मिळतो, टेम्पोत जागा मिळते, घाटाचं खोटं पण उपयोगी अंतर मिळतं, आणि तो कुठला, कोणाचा, घरी कोण कोण, याची चौकशी होते. खोरं बघायचं तर अशा वेगाने बघावं की रस्त्याकडेच्या माणसाला प्रश्न विचारायला सवड मिळेल. देवाच्या दयेने माझा वेग तेवढाच आहे.

तेव्हा पाऊस उघडून भात पिवळा पडायला लागला की भोर-वेल्ह्याकडे जरूर या. निघण्याआधी ब्रेक तपासा, कारण चढलेला घाट उतरायचाही असतो. टेम्पोवाल्याला नाही म्हणताना हसून म्हणा. आणि कितीला पडली असं कोणी विचारलं, तर शेवटचं शून्य गिळायला विसरू नका. तुमच्या घरचं माणूस भोरच्या बाजारात कधी येईल, सांगता येत नाही.