प्रोसेसमधला

‘प्रोसेसमधला’ हा छत्रपती संभाजीनगरात गेल्या काही वर्षांत चांगलाच रुजलेला मनुष्यप्रकार आहे. वय अठ्ठावीस ते अडतीस, शिक्षण बहुधा इंजिनिअरिंग, राहणे सिडको, गारखेडा किंवा उल्कानगरी, आणि नोकरी वाळूजला, शेंद्र्याला, नाहीतर घराच्या मागच्या खोलीत लॅपटॉपवर. याने कुठल्यातरी देशाकडे कुशल किंवा प्रतिभावान माणूस म्हणून व्हिसा मागितलेला असतो आणि त्या देशाने अजून हो किंवा नाही म्हटलेले नसते. ‘काय चाललंय सध्या?’ या प्रश्नाला जो नोकरीचे नाव न सांगता ‘प्रोसेसमध्ये आहे’ असे उत्तर देतो, तो या प्रकारात धरावा. नुसते ‘बाहेर जायचा विचार आहे’ म्हणणारे यात येत नाहीत. तसे शहरात घरटी एक सापडतात. प्रोसेसमधल्याने फी भरलेली असते, आणि तीही परत न मिळणारी.

अर्ज कोणत्या देशाकडे आहे हे विचारावे लागत नाही. मोबाइल कधी उघडतो त्यावरून कळते. ऑस्ट्रेलियावाला पहाटे साडेचारला उठतो, कारण त्या वेळी कॅनबेरात नऊ वाजतात. तिकडे उन्हाळा असला की साडेतीनलाच. घरच्यांना पहिले काही दिवस वाटते की पोरगा प्राणायाम करू लागला. इंग्लंडवाला सकाळभर माणसात असतो. दुपारी दीडनंतर, हिवाळ्यात अडीचनंतर, त्याचे ताटात लक्ष राहत नाही. कॅनडावाल्याची घालमेल दिवेलागणीला सुरू होते. तिघांनाही परमुलखातल्या सुट्ट्या तोंडपाठ असतात. ऑगस्टचा शेवटचा सोमवार हा इंग्लंडात बँक हॉलिडे असतो आणि त्या दिवशी निर्णय येण्याची शक्यता नाही, हे इंग्लंडवाला झोपेतही सांगेल. पोळा कधी आहे ते मात्र त्याला आईला विचारावे लागते.

या सगळ्यांत मानाचे पान इंग्लंडच्या ग्लोबल टॅलेंट व्हिसाचे. तो २० फेब्रुवारी २०२० रोजी सुरू झाला. त्यासाठी आधी नोकरी देणारी कंपनी लागत नाही. माणूस स्वतःच थोर आहे एवढे सिद्ध करावे लागते. थोरवी तपासायला तिथे संस्था नेमलेल्या आहेत. विज्ञानवाल्यांसाठी १६६० साली स्थापन झालेली रॉयल सोसायटी, कलावंतांसाठी आर्ट्स कौन्सिल इंग्लंड, सॉफ्टवेअरवाल्यांसाठी टेक नेशन. थोरवीच्या प्रतीही दोन: एक असामान्य प्रतिभेची, दुसरी तशी प्रतिभा पुढे दिसेल अशी आशा असलेल्यांची. या दुसरीला मराठीत ‘होतकरू’ असा तयार शब्द आहे, पण तो नवोदित कवींसाठी इतका वापरून झाला आहे की चाळीस हजारांचा मोबाइल खिशात असलेल्या इंजिनिअरला तो लावून घेणे जड जाते.

खरी अडचण मात्र संस्कारांची. मराठवाड्यातल्या नोकरदार घरात मुलाचे तोंडावर कौतुक करण्याची पद्धत नाही. दहावीला चौऱ्याण्णव टक्के पडले तेव्हा वडिलांनी उरलेल्या सहा टक्क्यांची चौकशी केली होती. पाहुण्यांसमोर ‘करतो काहीतरी कॉम्प्युटरचं’ एवढीच ओळख करून दिली जाते. अशा घरात तीस वर्षे वाढलेल्या माणसाने एके दिवशी टेबलाशी बसून, आपण आपल्या क्षेत्रातले एक अग्रगण्य व्यक्तिमत्त्व आहोत, असे इंग्रजीत लिहायचे असते. तो लिहितो, ‘आम्ही ही प्रणाली तयार केली.’ निराला बाजारातला सल्लागार ‘आम्ही’ खोडून ‘मी’ करतो. तो पुन्हा लिहितो, ‘माझाही त्यात थोडाफार वाटा होता.’ सल्लागार ‘थोडाफार’ खोडतो, ‘ही’ खोडतो, आणि फीचा दुसरा हप्ता मागतो.

त्यानंतर शिफारसपत्रे. टेक नेशनच्या वाटेने जाणाऱ्याला तीन लागतात, आणि ती क्षेत्रातल्या नामवंतांनी दिलेली असावी लागतात. नामवंत हा कामात बुडालेला असतो, म्हणून तो मोठ्या मनाने म्हणतो, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ असे तिघेही म्हणतात. मग प्रोसेसमधला रात्री अकराला स्वतःची स्तुती तीन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून लिहू लागतो. ती एका हातची वाटू नये ही त्यातली खुबी. पहिले पत्र प्राचार्यांच्या थाटात गंभीर होते. दुसऱ्यात अमेरिकेतल्या साहेबाचा उत्साह येतो. तिसऱ्यापर्यंत विशेषणे संपतात.

‘अद्वितीयला अजून एक शब्द सांग गं.’

‘गॅस बंद केलास का, ते सांग आधी.’

गॅस चालूच असतो. दूध उतू गेलेले असते. जगाने दखल घ्यावी अशा माणसाला ओटा पुसावा लागतो आणि तेवढ्यात आठवलेला एक चांगला शब्द हातचा जातो.

पत्रांखेरीज जास्तीत जास्त दहा पुरावे जोडता येतात, प्रत्येकी तीन पानांच्या आत. पहिले चार-पाच सहज जमतात. मग आई देवघराच्या फडताळातून वर्तमानपत्राचे एक कात्रण काढते. त्यात गणेश मंडळाच्या रक्तदान शिबिराचा फोटो असतो आणि उजव्या कडेला अर्धा प्रोसेसमधला. पुरावा म्हणून ते चालत नाही हे आईला पटवण्यात एक रविवार जातो. पुराव्यांचेच म्हणाल तर, हे शहर ज्याने १६१० साली खडकी म्हणून वसवले, तो मलिक अंबर इथिओपियातून गुलाम म्हणून विकला जात जात दख्खनेत पोचला होता. त्याची नहर जमिनीखालून शहरभर पाणी खेळवत असे. दहा पुराव्यांत ती एकटीच पुरली असती. पण त्या काळच्या दरबारात त्याच्यासाठी तीन पत्रे जमली असती का, याबद्दल शंका घ्यायला जागा आहे.

कागदांचा आणखी एक घोळ खास इथला. शहराच्या नामांतराला केंद्राची मंजुरी फेब्रुवारी २०२३ मध्ये मिळाली. त्यामुळे प्रोसेसमधल्याच्या जन्मदाखल्यावर औरंगाबाद असते, पासपोर्टवर जन्मस्थान औरंगाबाद आणि अनुभवाच्या दाखल्यावर छत्रपती संभाजीनगर. परदेशी साहेबाला हा माणूस जागचा हललाच नाही हे कळावे कसे? नकाशा पाहायला जावे तर बिहारातही एक औरंगाबाद आहे. मग कोर्टासमोरच्या नोटरीकडे प्रतिज्ञापत्र होते की दोन्ही गावे एकच. ते लिहून देणाऱ्याचेही नाव तीन कागदांवर तीन प्रकारे असते, कारण वडिलांचे नाव मधले की पहिले की आडनावाला चिकटलेले, हे प्रत्येक कारकुनाने आपल्या मनाने ठरवलेले असते. म्हणून आणखी एक प्रतिज्ञापत्र, की तिन्ही माणसेही एकच. झेरॉक्सवाला आता काही विचारत नाही. प्रोसेसमधला दिसताच ‘दोनो बाजू, चार कापी?’ म्हणून मशीन चालू करतो.

एवढे सगळे पाठवून, मुंबई नाहीतर पुणे गाठून बोटांचे ठसे देऊन आल्यावर या प्रकाराची मुख्य अवस्था सुरू होते. ती म्हणजे थांबणे. इथे संभाजीनगरकराला मोठा फायदा आहे, आणि तो कुठल्याच पॉइंट्सच्या तक्त्यात धरलेला नाही. याच्या नळाला रोज पाणी येत नाही. पैठणचे जायकवाडी पन्नासेक किलोमीटरवर, काही वर्षी काठोकाठ भरलेले, आणि शहरात पाणी येते आठवड्याने, कधी त्याहून उशिरा. कोणत्या दिवशी, किती वाजता, किती दाबाने, याचे ठाम उत्तर कुणाकडे नसते. लाइनमनला फोन करणे, पलीकडच्या गल्लीत आले का पाहणे, त्यावरून आपल्याकडे कधी येईल याचा हिशेब बांधणे, तो चुकणे, गच्चीवरच्या टाकीत किती उरले ते काठी घालून बघणे, हे सगळे शिक्षण त्याला लहानपणीच मिळालेले असते. व्हिसाच्या वेळी तो तेच करतो. आपल्याच तारखेला अर्ज केलेल्या हैदराबादच्या अनोळखी माणसाला निर्णय आला की तो म्हणतो, ‘म्हणजे आता आपल्या लाइनला सोडलं.’ पुण्याहून आलेला मेहुणा तीन आठवड्यांत हातपाय गाळतो. इथला माणूस ड्रम भरून ठेवतो आणि बसतो.

बसतो म्हणजे घरातले सगळे बसते. रंग द्यायचा राहतो, कारण ‘निर्णय येऊ दे’. जुन्या ॲक्टिव्हाचा सायलेन्सर तारेने बांधला जातो. सोफ्याची स्प्रिंग वर आली आहे, तिथे उशी ठेवतात आणि पाहुण्यांना दुसऱ्या टोकाला बसवतात. ऑफिसात बढतीचे विचारले तर हा गूढ हसतो. सोसायटीच्या सेक्रेटरीपदासाठी नाव निघाले तर ‘माझं काही खरं नाही’ म्हणून सुटतो. काही वर्षांच्या सरावाने त्याच्या लक्षात येते की हे दोन शब्द फार गुणाचे आहेत. ‘प्रोसेसमध्ये आहे’ म्हटले की भिशी, आतेभावाच्या लग्नाची धावपळ, गावाकडच्या बांधाचे भांडण, सगळ्यांतून सूट मिळते. निर्णयाची घाई त्याला स्वतःला नेमकी किती आहे, हे मग सांगता येत नाही.

वाढदिवस मात्र त्याला सोसत नाही. ऑस्ट्रेलियाच्या तक्त्यात पंचवीस ते बत्तीस वयाला ३० गुण आहेत, तेहतिसावे लागले की २५. कॅनडात एकट्या अर्जदाराला २९ वर्षांपर्यंत ११०, तिसाव्या वाढदिवसाला १०५, आणि पुढे दर वर्षी उतार. आई पाटावर बसवून ओवाळते, आणि निरांजनाच्या उजेडात त्याला पाच गुण जाताना दिसतात. लग्नाचे गणित याहून अवघड. ऑस्ट्रेलिया एकट्या माणसाला दहा गुण देते. बायको त्यांच्या यादीतल्या कौशल्याची आणि इंग्रजीत पास असेल तरीही दहा. नुसते इंग्रजी असेल तर पाच. काहीच नसेल तर भोपळा. म्हणून स्थळ पाहताना पत्रिकेतल्या छत्तीस गुणांवर आणखी दहा जुळवावे लागतात. मंगळाचे काहीतरी करता येते. पोह्यांच्या बशीआडून भावी सासू हळूच विचारते, ‘इंग्रजीच्या पीटीईला बसलीय का?’

अर्ज केल्याची बातमी कुणाला सांगायची नाही असा घराचा दंडक असतो, दृष्ट लागते. त्यामुळे ती फक्त मावशीला, कामवाल्या बाईंना, दूधवाल्याला आणि ‘कुणाला सांगू नका’ असे बजावून शेजारच्या काकांना सांगितलेली असते. काका रोज गेटवर उभे असतात. ‘आलं का मग?’ एवढेच विचारतात. ते नळाबद्दल विचारतात की व्हिसाबद्दल, हे पहिल्यांदा समजत नाही. दोन्हीचे उत्तर एकच असल्याने अडत नाही.

काही जण श्रावणात शुक्रवारी रात्री खुलताबादला भद्रा मारुतीला चालत जातात. हा मारुती निद्रिस्त आहे. झोपलेल्या फाइलची तक्रार झोपलेल्या देवाकडे नेण्यात काय हशील, असे वडील म्हणतात, पण पहाटे बसस्टँडवर स्कूटर घेऊन आणायला तेच येतात.

अमेरिकावाला ही पोटजात वेगळी, कारण तो स्वतः न्यू जर्सीत असतो आणि वाट पाहणारे वडील सिडकोत. तिकडे ग्रीन कार्डाला दर देशामागे सात टक्क्यांची मर्यादा आहे. भारतीयांची रांग त्यामुळे दशकाहून जुनी. रांग कुठवर आली हे दर महिन्याला व्हिसा बुलेटिनात निघते. निवृत्त वडिलांच्या वहीत डाव्या पानावर जायकवाडीच्या नाथसागराची टक्केवारी असते आणि उजव्या पानावर बुलेटिनची तारीख. उन्हाळ्यात धरण उतरते, तशी ही तारीखही कधीकधी मागे जाते. धरणाच्या बाबतीत ते समासात ‘बाष्पीभवन’ असे लिहितात. उजवीकडचा समास कोरा राहतो.

निर्णय येतो तो भलत्याच वेळी. मेलमध्ये तो लिहिलेला नसतो, फक्त ‘निर्णय झाला आहे’ एवढेच असते. खरे काय ते जोडलेल्या फाइलमध्ये. ती उघडेपर्यंत रेंज जाते. नकार आला तर दोन दिवस घरात कुकरची शिट्टीही हळू होते. इंग्लंडच्या शिफारसीसाठी २८ दिवसांत फेरविचार मागता येतो, तो मागितला जातो. तोही फसला तर दीड महिन्याने हा माणूस पहाटे साडेचारला उठताना आढळतो, आणि घरच्यांनी समजायचे ते समजतात. होकार आला तर मात्र हा प्रकार पाऊण तासात संपतो. पेढे येतात, काका ‘मी म्हटलंच होतं’ म्हणतात, मेहुण्याचा पुण्याहून फोन येतो.

मग माळ्यावरून मोठी बॅग खाली उतरते. ती अर्ज भरला त्याच आठवड्यात सेलमध्ये घेतलेली असते, आणि एवढी जागा मोकळी कशी ठेवायची म्हणून आईने तिच्यात घरातल्या गोधड्या भरलेल्या असतात. त्या काढून दिवाणावर रचल्या की आता ठेवायच्या कुठे, हा नवा प्रश्न निघतो. आई त्यातली एक परत आत घालते. तिकडे थंडी असते. विमानात एका बॅगेला तेवीस किलो चालतात. शेजारून ताणकाटा आणला जातो आणि माय-लेक मिळून गोधडी टांगतात. ती साडेतीन किलो भरते.