चाळीस मिनिटांचा मासा

"नाव नाही घेत मी काकू, पण कोपऱ्यावरच्या घरी शनिवारी सॅमन होता."

"होय? निखिल गेलेला तिथे. काही बोलला नाही घरी येऊन."

"बोलेल कसा? घास अजून घशात असेल."

कुंदाकाकूंना एवढं पुरतं. हातातली कोथिंबिरीची जुडी खुर्चीवर टाकून त्या कुंपणाशी आल्या. वेंगुर्ल्याच्या काकू सहा महिन्यांसाठी मुलाकडे, निखिलकडे आल्यात. सिअ‍ॅटलजवळच्या आमच्या या बॉथेलमध्ये बोलायला माणूस मिळत नाही ही त्यांची पहिली तक्रार, आणि मासे आहेत पण मासळीबाजार नाही ही दुसरी. कुंपणाची एक फळी हिवाळ्यातल्या वादळात निखळली, ती दोन्ही घरांनी मुद्दाम बसवलेली नाही.

"आदल्या रात्रीपासून मुरवला होता म्हणे. दही, दोन लिंबांचा रस, आलं-लसूण, काश्मिरी मिरची. आणि मग ओव्हनमध्ये चाळीस मिनिटं!"

"चाळीस? मासा होता की बोकड?"

"वर पांढरा थर साचलेला. वाढताना तिने तो चमच्याने हळूच बाजूला केला, मी पाहिलं. सगळ्यांनी 'काय सुंदर झालाय गं' म्हटलं, आणि लोणच्याची बरणी दोनदा फिरली."

काकूंनी पदर तोंडाला लावला. हसून झाल्यावर मात्र स्वैपाकघरातली जुनी शिस्त जागी झाली. "तो पांढरा थर कसला गो?"

"माशातलंच प्रथिन ते, अल्ब्युमिन. आच जास्त झाली की मांस आवळतं आणि ते बाहेर येऊन गोठतं. थोडं येणारच. पण एवढं आलं म्हणजे मासा वाळला. पंधरा मिनिटं मिठाच्या पाण्यात ठेवून, पुसून घेतला की कमी येतं."

"आणि लिंबाने काय बिघडलं? पापलेटाला आम्ही लावतोच की."

"किती वेळ?"

"हळद-मीठ-लिंबू लावलं, रवा काढला, तवा तापला की सोडली तुकडी."

"तेच तर! रात्रभर आंबटात ठेवली की आच लागायच्या आधीच वरचं मांस पांढरं पडून भुसभुशीत होतं. मग ओव्हनला उरलं काय?"

काकूंचा ओव्हनवर मुळात विश्वास नाही. त्यांच्या मते ती नानकटाईची पेटी. पण इथल्या घरांत मासा तळायचा म्हणजे किती सोपस्कार! स्वैपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये भिंत नाही, पहिली तुकडी उलटायच्या आत छतावरचा भोंगा बोंबलतो, आणि वास जाऊन बसतो कपड्यांच्या कपाटात. आमचे हे मासा शिवतसुद्धा नाहीत, पण एका सोमवारी अख्ख्या ऑफिसला बांगड्याचा वास वाटून आले. तेव्हापासून मी तळणं सोडलं. सॅमन तर मुळातच तेलकट मासा, तो तव्यावर घातला की जास्तच धूर. ओव्हनमध्ये तो आपल्याच चरबीत निवांत शिजतो.

"मग तू कसा करतेस सांग. मसाला कुठला?"

"मसाला नाहीच. तळाला कागद, त्यावर लिंबाच्या आणि संत्र्याच्या चकत्या, त्यावर मासा, कातडी खाली करून."

"संत्रं? माशाखाली?"

"ऐका तर. मासा चिकटत नाही आणि खालून वाफेला वास लागतो. नुसत्या लिंबाच्या चकत्या भाजल्या की सालीखालचा पांढरा भाग कडवटतो, संत्र्याच्या गोडीने ते सांभाळलं जातं. वरून ऑलिव्ह तेल, मीठ, मिरी, लसणाचे पातळ काप, लिंबाची किसलेली साल, आणि पार्स्ली-शेपू."

"शेपू!" काकू एक पाऊल मागे सरकल्या. "निखिल लहानपणी शेपूच्या वासाने शेजाऱ्यांकडे जेवायला जायचा."

"नॉर्वे-स्वीडनमध्ये सॅमन आणि शेपू ही जोडी पिढ्यान् पिढ्यांची. मीठ, साखर, शेपू लावून चक्क कच्चाच मुरवून खातात."

"ते खाऊ देत. माका नको."

शेपूचं मी फार लावून धरलं नाही. थाइमच्या चार काड्या टाकल्या तरी भागतं. अडतं ते वेळेपाशी. 400 फॅरनहाइटला इंचभर जाड तुकडा दहा-बारा मिनिटांत होतो, पातळ सॉकाय जातीचा सॅमन आठाच्या आसपास. इथलं सरकार सांगतं, आतलं तापमान 145 फॅरनहाइट झालं पाहिजे. हॉटेलातले आचारी 125 लाच बाहेर काढतात, मग तो बाहेर बसल्या बसल्या आणखी थोडा चढतो. मी ह्यांच्या आईंसाठी आणि लहान मुलांसाठी सरकारचं ऐकते, स्वतःच्या तुकड्याला आचाऱ्यांचं. लिंबू पिळायचं ते अगदी शेवटी, ताटात. माशाचा वास येतो तो अमाइन नावाच्या द्रव्यांमुळे, आणि आंबट पडलं की तो दबतो. काकूंकडे हे काम सोलं करतात.

"काटे?"

"मधल्या रेषेवरून बोट फिरवायचं, टोचलं की चिमट्याने ओढायचा."

"मला चिमटा कशाला," काकू म्हणाल्या, आणि अंगठा नि तर्जनी अशी काही जुळवली, की त्या बोटांनी आजवर किती काटे काढले असतील ते दिसलंच.

"आणि मासा कुठला आणतेस? निखिल त्या कॉस्टकोतून केशरी लादी आणतो."

"ती बहुतेक अटलांटिक सॅमनची, म्हणजे पाळलेल्या माशाची. समुद्रात जाळ्यांचे पिंजरे करून वाढवतात. जंगली मासा कोळंबीसारखे लहान जीव खाऊन रंग घेतो, याला तोच रंग खाद्यातून देतात. पण चरबी भरपूर, त्यामुळे दोन मिनिटं जास्त झाली तरी सांभाळून घेतो. शिकाऊ हाताला बरा." आणि मग मला राहवलं नाही. "2017 साली इथे सायप्रस बेटाजवळ असला एक पिंजराच मोडला होता. अडीच लाखांच्या आसपास मासे पळाले! दुसऱ्याच वर्षी राज्याने कायदा केला, की असली अटलांटिक सॅमनची शेती हळूहळू बंद."

"खरा काय गो? पळाले म्हणजे कोळ्यांची चंगळ."

"तसंच झालं. पकडा म्हणून सरकारनेच सांगितलं."

"आणि तो विमानाने येतो तो कुठला? टीव्हीवर दाखवत होते."

तो कॉपर रिव्हरचा, अलास्कातला. मे महिन्याच्या मध्याला हंगाम उघडतो आणि पहिला मासा विमानाने सिअ‍ॅटलच्या सीटॅक विमानतळावर उतरतो. पायलट तो लाल गालिच्यावरून मिरवत आणतो. किंमत ऐकून मी दरवर्षी दुसऱ्या रांगेत जाते. पण चव खरी आहे, आणि तिला कारणही आहे. नदी सुमारे 300 मैल लांब, थंड आणि खळखळती. अंडी घालायला वर चढायचं, आणि नदीत शिरल्यावर सॅमन खाणं सोडतो. म्हणून अंगात चरबी साठवूनच येतो. नदीच्या तोंडाशी धरला तो सोनं. वरपर्यंत चढलेला मासा पार उतरून गेलेला असतो.

काकू गप्प होऊन ऐकत होत्या. "म्हणजे चढणीचे मासे की गो हे! पहिला पाऊस झाला की आमच्याकडे व्हाळातून शेतात चढतात. पोरं रात्री बत्ती घेऊन जातात धरायला. माझे सासरे ओरडायचे, अंडी भरलेली मासळी मारू नका, पुढच्या वर्षी काय खाल?"

"इथे सरकार ओरडतं. किती धरायचे, कधी धरायचे, सगळं ठरलेलं. बॅलर्डच्या बंधाऱ्यावर तर माशांना चढायला 21 पायऱ्यांचा जिना बांधलाय. काचेतून दिसतात. निखिलला सांगा दाखवायला, ऑगस्टमध्ये."

"ऑगस्टात बघू. आधी मला सांग, हे रावसासारखं लागतं का? मुंबईला हॉटेलात रावसाला इंडियन सॅमन म्हणतात म्हणे."

"नात्यागोत्याचं काही नाही काकू. रावस पांढरा, घट्ट, कालवणात टिकतो. सॅमन कालवणात घातला की तेल सुटतं आणि तुकडी मोडते."

"तुकडी मोडते, मान्य. डोक्याचं काय?"

"कसलं डोकं?"

"माशाला डोकं असतं ना? कोपऱ्यावरच्या बाईंनी ते काय केलं?"

"कॉस्टकोत डोकं येतच नाही, काकू. उवाजिमायात मिळतात, जपानी दुकान आहे. फारशी महाग नसतात."

"मग दळभद्री तो चाळीस मिनिटांचा सॅमन!" काकूंनी कोथिंबिरीची जुडी उचलली. "तिरफळं मी येताना आणलीत, सोलं आहेत, नारळ निखिल आणेल. उद्या गाडी काढ. चार डोकी आणू. आणि हे बघ, तुझा तो ओव्हनचा तुकडा पण कर, मी खाऊन बघीन. शेपू तेवढा घालू नकोस."