अळंबी पळत नाही

नानांशी बोलताना आपलं वाक्य लवकर संपवायची सवय ठेवावी लागते. तुम्ही मोठ्या कौतुकाने सांगत असता की मुलीचं जमलं, जावई बंगळुरूला असतो, घर स्वतःचं आहे. आणि तेवढ्यात नानांचा हात वर जातो. "श्शू!" मान तिरकी होते, डोळे बारीक होतात. "तांबट!" मग हात खाली येतो आणि नाना पुन्हा तुमच्याकडे वळतात. "हं. तर तांबट बंगळुरूला असतो म्हणालात?"

एकदा आम्ही दोघं ओळखीच्या एकांकडे समाचाराला गेलो होतो. गॅलरीबाहेरच्या पिंपळावर राखी धनेशाची जोडी येऊन उतरली. पुण्यात धनेशाचं एवढं अप्रूप नाही, पण या जोडीतला नर मादीला फळ भरवत होता. गेलेल्या माणसाच्या थोरल्या मुलाला "जरा सरकता का" म्हणून नाना उठले आणि कठड्याशी पाठमोरे उभे राहिले. त्यांचे खांदे थरथरत होते. कॅमेरा बरोबर नाही याचा तो शोक होता. घरच्यांना वाटलं, माणसाला गलबलून आलं. कुणीतरी येऊन त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, कुणी पाणी आणून दिलं. नाना पाणी प्याले.

पूर्वी निवृत्त झालेला माणूस होमिओपॅथी, ज्योतिष किंवा सोसायटीचं सेक्रेटरीपद यांपैकी कशाच्या तरी नादी लागे. आता तो कॅमेरा घेतो. प्रत्येक सोसायटीत एक तरी 'पक्षीवाले नाना' सापडतातच. आमचे नाना बँकेतून निवृत्त झाले, फंडाचे पैसे हातात आले आणि महिन्याभरात घरात दोन किलो वजनाची लेन्स आली. ती केवढ्याला पडली हे घरात सांगताना नवरे जो आकडा सांगतात तोच नानांनीही सांगितला. पण नानी उभा जन्म हिशेब तपासनीस होत्या. त्यांनी बिल मागितलं.

लेन्सपाठोपाठ कपडे आले. पानापानांच्या नक्षीची पँट, तसलाच शर्ट, तसलीच टोपी. जंगलात ओळखू येऊ नये म्हणून घेतलेला हा वेष नाना मंडईतही घालतात आणि तिथे लांबूनच ओळखू येतात. लेन्स टेकवायला एक कापडी पिशवी असते, तिच्यात काहीतरी दाणेदार भरावं लागतं. नानांनी राजमा भरला. नानींनी एकदा पाहुण्यांसाठी तो भिजत घातला आणि नाना भिगवणला जाऊन, लेन्स मांडीवर घेऊन, हलत्या होडीतून रोहित पक्ष्यांचे हललेले फोटो घेऊन आले.

सुरुवात अर्थातच वाघापासून झाली. सगळ्यांचीच होते. ताडोबा 1955 पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथले वाघ आता माणसांना इतके सरावलेत की जिप्सींच्या रांगेकडे ते ढुंकूनही पाहत नाहीत. नानांच्या पहिल्या वाघाच्या फोटोत वाघाची पाठ आहे, पुढच्या जिप्सीतल्या बाईंची हॅट आहे आणि दोन्हींवर फोकस नाही. नाना हळहळत होते, म्हणून मी त्यांना फ्रेडरिक चॅम्पियन यांची गोष्ट सांगितली. हे इंग्रज वनाधिकारी 1920च्या दशकात वाघाच्या वाटेवर तार लावून ठेवायचे. रात्री वाघाचा पाय तारेवर पडला की फ्लॅश उडायचा आणि वाघ स्वतःचा फोटो स्वतः काढून पुढे जायचा. नानांना ही गोष्ट मुळीच आवडली नाही. "म्हणजे हा बाबा तंबूत झोपलेला?" ते म्हणाले. "मग फोटो त्याचा कसा?" हा प्रश्न त्यांनी फार पोटतिडकीने विचारला होता.

वाघानंतर पक्षी, आणि पक्ष्यांत नाना खरे रमले. त्यांचा कॅमेरा सेकंदाला वीस फोटो काढतो. खंड्या पाण्यात सूर मारून मासा घेऊन फांदीवर परत येईपर्यंत शंभरेक फोटो होतात आणि त्यांतला कुठला ठेवायचा या विवंचनेत नानांची संध्याकाळ जाते. मला शेजारी बसवतात. "हा बघा. आणि आता हा." मला दोन्हींत तोच खंड्या आणि तोच मासा दिसतो. "अहो, ह्यात डोळा शार्प आहे!" शेवटी दोन्ही ठेवतात. मासा डोळ्याने शार्प नसला तरी चालतो, एवढं एक मला यातून समजलं.

निवडलेला फोटो सकाळी सहाला सगळ्या गटांवर जातो. कोपऱ्यात नानांचं नाव असतं. पूर्वी ते पक्ष्याच्या शेपटीएवढं असायचं, मग कुणीतरी त्यांचा फोटो 'शुभ सकाळ' लिहून पुढे ढकलला, तेव्हापासून ते पक्ष्याच्या पोटावर असतं. फोटो आला की पहिली प्रतिक्रिया "व्वा!" आणि दुसरी "लोकेशन?" ही दुसरी आली की नाना गंभीर होतात आणि लिहितात, "पश्चिम घाट." पश्चिम घाट सुमारे 1,600 किलोमीटर लांब आहे. फार नेटाने विचारलंत तर "सह्याद्री" म्हणतात. जागा फुटली की झुंडी येतात, पक्ष्याला त्रास होतो, असं त्यांचं म्हणणं, आणि ते चुकीचं नाही. फक्त नानांना ती जागा चहाच्या टपरीवाल्याने दाखवलेली असते आणि तो येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतो.

तिबोटी खंड्याच्या बाबतीत मात्र मला नानांचं हसू येईना. चिमणीहून लहान पक्षी. पोट पिवळं, पाठ निळी, डोकं जांभळट केशरी, आणि चोच पोवळ्यासारखी. पाऊस सुरू झाला की कोकणात येतो आणि ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ करून अंडी घालतो. कर्नाळ्याच्या बाजूला अशाच एका बिळासमोर नाना आणि त्यांची मंडळी ओळीने बसली होती. बरी दिसेल अशी एक फांदी कुणीतरी तोडून आणून बिळापुढे रोवली होती. पक्षी आला. चोचीत सापसुरळी आडवी धरलेली. तो फांदीवर बसला, लेन्सांकडे बघितलं, उडाला, पुन्हा येऊन बसला. बिळात काही शिरेना. आत पिल्लं, बाहेर फटाफट शटर. फोटो अप्रतिम आले. नानींनी ते एकामागून एक पाहिले आणि विचारलं, "सगळ्यांत ती सापसुरळी तोंडातच का?"

नानांनी समजावून सांगितलं.

"म्हणजे दारात पाहुणे खुर्च्या टाकून बसलेत म्हणून बिचारीला पोरांना जेवायला वाढता येईना," नानी म्हणाल्या आणि कुकर लावायला उठल्या.

पुढच्या पावसाळ्यात नाना कर्नाळ्याला गेले नाहीत. विचारलं तर गुडघ्याचं कारण सांगितलं.

गुडघा खरोखरच दुखत होता. डॉक्टरांनी मांडी घालून बसायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, असं बजावलं होतं. झोपायचं नाही असं काही ते म्हणाले नव्हते, म्हणून नाना चटई घेऊन जमिनीवर पालथे पडायला लागले आणि जवळून किडे टिपायची नवी लेन्स आली. बिल नानींना स्वतःहून दाखवलं. फ्लॅशचा उजेड मऊ पडावा म्हणून त्यावर दुधाची धुतलेली पिशवी ताणून बसवली. वाऱ्याने हलणाऱ्या काडीला धरून ठेवायला कपड्यांचे चिमटे लागायचे. एवढ्या जवळून फोटो काढताना जेमतेम मिलिमीटरभर पट्टाच स्वच्छ दिसतो. किड्याचे डोळे साधले तर मिशा जातात, आणि मधे श्वास घेतलात तर दोन्ही. नाना श्वास रोखतात. टेकडीवर फिरायला येणाऱ्या एका गृहस्थांनी त्यांना असं निपचित पडलेलं बघून रुग्णवाहिका बोलावली होती. फुलपाखरांनी तर त्यांना फारच दमवलं. ब्लू मॉर्मन 2015 पासून आपलं राज्य फुलपाखरू आहे, पण ते बसतच नाही. बसल्यासारखं करतं आणि मंत्रालयात महत्त्वाची बैठक असल्यासारखं निघून जातं.

तेव्हा एका ओल्या सकाळी, सडक्या ओंडक्यावर, नानांना अळंबी भेटली.

अळंबी पळत नाही. तिला डोळा नाही, तो शार्प यायची चिंता नाही. पिल्लं नाहीत. फोकस एकेक केस पुढे सरकवत चाळीस फोटो काढा आणि घरी येऊन एकात एक मिसळा, ती तिथेच. नानांना वाटलं, आपण आयुष्यभर हिच्याच शोधात होतो. एक रात्र त्यांनी भीमाशंकरच्या जंगलात उजळणाऱ्या बुरशीपुढे काढली. फोटोत अख्खा ओंडका असा हिरवागार पेटलाय की लग्नाच्या मांडवाची रोषणाई वाटावी. "असं दिसतं ते!" नाना सांगतात. नानी बरोबर होत्या. त्या सांगतात, "डास चावत होते आणि विजेरी लावू देत नव्हते. बऱ्याच वेळाने कुठेतरी घड्याळाच्या काट्याएवढं काहीतरी फिकट दिसलं." दोघंही खरं बोलतात. कॅमेऱ्याचं झाकण मिनिटभर उघडं असतं, तो थेंबाथेंबाने उजेड साठवतो. माणसाच्या डोळ्याला ती सोय नाही.

पण अळंबीत एक मोठी गोम होती. पक्ष्याचा फोटो टाकला की अर्ध्या मिनिटात नाव येतं. अळंबीचा टाकला की गटातल्या वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका विचारतात: खालची बाजू दिसेल का? देठाला कडं होतं का? मोडल्यावर रंग बदलला? वास कसला? कुठल्या झाडाखाली होती? नानांकडे वरून घेतलेला देखणा फोटो, बाकी काही नाही. मग ते दातांच्या डॉक्टरांकडचा छोटा आरसा घेऊन आले आणि अळंबीच्या पोटाखाली घालून बघायला लागले. बीजाणूंचा रंग कळावा म्हणून अळंबीची टोपी रात्रभर कागदावर ठेवून वर वाटी झाकतात. सकाळी कागदावर पडद्यांची सुरेख नक्षी उमटते. नानांनी कागद म्हणून घरातली लग्नपत्रिका घेतली. त्या लग्नाला नानी मुहूर्त चुकून पोचल्या, कारण वेळेवर तपकिरी चक्र उमटलं होतं. इतकं करून प्राध्यापिकाबाईंचं उत्तर एकच: "प्रत्यक्ष नमुना पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही."

वेल्ह्याच्या बाजूला घडलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. पहिला मोठा पाऊस होऊन गेला होता. एका वारुळाच्या अंगावर पांढऱ्याशुभ्र, टोकदार डोक्याच्या अळंब्यांचं रान उगवलं होतं. ही अळंबी वाळवीच्या घरातच येते. वाळवी आत बुरशीची शेती करते आणि त्या शेतीला पावसात आलेली ही कणसं. नाना पालथे पडले, दुधाची पिशवी ताणली, चिमटे लागले, आरसा लागला. छत्रीखाली मी.

तेवढ्यात डोक्यावर इरलं घेतलेली एक म्हातारी आली, नानांच्या डोक्यापाशी उकिडवी बसली आणि अळंब्या उपटून टोपलीत टाकायला लागली.

"अहो आजी, थांबा, थांबा!"

तिने नानांच्या पांढऱ्या केसांकडे नीट बघून घेतलं. "आजी कुनाला म्हनतो रं? उठ. पडला व्हय?"

"फोटो काढतोय."

"काढ की. म्या कुठं नगं म्हनलं?" आणि हात चालूच. एक कोपरा उगीच सोडल्यासारखा तिने सोडला. "ती मागल्या अंगाची कुत्र्याची छत्री हाय, तिला हात लावू नगंस." नानांनी सगळ्यांत जास्त फोटो तिचेच काढले होते. जाताना म्हातारीने सागाचं पान तोडून त्यात दोन मुठी अळंब्या बांधल्या आणि नानांना दिल्या. "बायकूला म्हनावं, खोबरं घाल."

रात्री नानांनी फोटो टाकला. चाळीस फोटोंतून घडवलेला, पाण्याचा थेंब न् थेंब मोजता यावा असा. प्राध्यापिकाबाई या खेपेला जागेवरच प्रसन्न झाल्या. वारुळावरचीच दिसतेय, पण कुठली जात ते बघायला हवं. नमुना आहे का?

नानांनी लिहिलं, "होता. सौ.ने कांदाखोबरं लावून केला." आणि पुरावा म्हणून कढईचा फोटो जोडला. तो फोनवरून घाईत काढलेला, वाफेने धूसर, कोपऱ्यात नाव घालायचंही राहिलेलं. पाच मिनिटांत अख्खा गट जागा झाला. मसाला कुठला, मुरवायची किती वेळ, सुक्या बोंबलाबरोबर जाते का. अकरापर्यंत शेवटी एकच प्रश्न उरला आणि तो सगळ्यांनी मिळून विचारला.

"पश्चिम घाट," नानांनी लिहिलं.