गार्डनवाले शेठ

पुण्यातून सिंहगडाकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना 'फॅमिली गार्डन रेस्टॉरंट, परमिट रूम' अशा पाट्या लागतात. त्यातल्या कुठल्याही पाटीखालून आत शिरा, गल्ल्यावर गार्डनवाले शेठ भेटतील. पांढरा शर्ट, कपाळाला अष्टगंध, कानाला फोन आणि नजर आभाळाकडे. मे महिन्यात शेतकरीसुद्धा इतक्या वेळा वर बघत नाही. फरक एवढाच की शेतकरी ढग यावा म्हणून बघतो, शेठ ढग जावा म्हणून.

कारण शेठचा सगळा धंदा बाहेर. आतल्या हॉलमध्ये बसतात ते फक्त घरी न सांगता आलेले लोक आणि मार्चअखेरीस हिशेब तपासायला आलेले सीए. बाकी जनतेला लॉन हवं, वारा हवा, कोंबडी-भाकरी हवी. म्हणून शेठने गार्डनवर पैसा ओतलाय. सिमेंटच्या दगडांवरून पडणारा धबधबा, बांबूच्या झोपड्या, आंब्याला गुंडाळलेल्या लायटिंगच्या माळा, पाण्याचे तुषार उडवणारे पंखे आणि सेल्फीसाठी एक रंगवलेली बैलगाडी.

आणि विमा? आहे की! कर्ज देताना बँकेने काढायला लावला होता. गल्ल्याच्या खणात, जुन्या मेन्यूकार्डांच्या गठ्ठ्याखाली ती पॉलिसी पडलेली आहे. तिच्यात 'हॉल, स्वयंपाकघर, यंत्रसामग्री व माल' असं लिहिलंय. म्हणजे जिथे कुणी बसत नाही त्या जागेचा विमा चोख, आणि ज्या जागेवर शेठचं घर चालतं तिचा पॉलिसीत उल्लेखही नाही.

हे शेठना सांगणारा माणूस घरातच आहे. त्यांचा मेव्हणा जनरल इन्शुरन्सचा एजंट. दर दिवाळीला फराळाच्या ताटावर तो विषय काढतो. "दाजी, 2021 च्या एप्रिलपासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' आली आहे. पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेला. आग, वीज, वादळ, पूर, झाड पडणं, सगळं एकाच पॉलिसीत. पण वस्तू यादीत तर लिहायला हवी ना! शेड लिहू, झोपड्या लिहू, छत्र्या लिहू."

शेठ चकली मोडत विचारतात, "ड्राय डेचा निघतो का?"

"नाही दाजी. कॅलेंडरात छापलेल्या संकटाचा विमा नसतो."

"बरं, पाऊस आला म्हणून गिऱ्हाईकच आलं नाही तर?"

"पावसाने काही मोडलं तर मिळेल. गिऱ्हाईकाचा बेत मोडला तर नाही मिळणार."

"मग तुझ्या विम्याचा उपयोग काय?" असं म्हणून शेठ करंजीकडे वळतात.

मेव्हण्याचा खरा जीव पब्लिक लायबिलिटीत अडकलाय. छत्री उडून कुणाच्या डोक्यात बसली, सिझलर कुणाच्या मांडीवर सांडला, तुषारांनी ओल्या झालेल्या फरशीवरून कुणाची आजी घसरली, तर भरपाई कोण देणार? अन्नातून विषबाधा झाली तर त्याला वेगळी जोड घ्यावी लागते, हेही तो सांगतो. शेठचं उत्तर ठरलेलं: "आपल्या छत्र्या उडत नाहीत." छत्रीचा दांडा तेलाच्या 15 किलोच्या डब्यात सिमेंट ओतून उभा केलेला असतो. डबा गंजून एका बाजूला कललेला. शेठना त्याचा अभिमान आहे.

मात्र शेठ जबाबदारीबद्दल बेफिकीर आहेत असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांनी स्वतःची एक विमा योजना चालवली आहे: पाट्या. 'आपल्या सामानाची काळजी घ्यावी.' 'मुलांना कारंज्यापासून दूर ठेवावे.' 'वाहने मालकाच्या जबाबदारीवर.' हप्ता एकदाच, तोही पेंटरला. 1998 साली दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या ताब्यात दिलेली मारुती झेन चोरीला गेली आणि 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की किल्ली तुम्ही घेतलीत तर 'मालकाच्या जबाबदारीवर' असं छापून निष्काळजीपणातून सुटका नाही. मेव्हण्याने ही बातमी व्हॉट्सॲपवर पाठवली. शेठनी नमस्काराचे दोन हात पाठवले.

29 डिसेंबर 2017 ला मुंबईत कमला मिलमधल्या गच्चीवरच्या पबना आग लागून 14 माणसं गेली, तेव्हा मात्र शेठ खरोखर हादरले होते. त्याच आठवड्यात त्यांनी दोन लाल सिलिंडर आणले. त्यातल्या एकावर आता मनीप्लांट चढलाय.

मग एका मे महिन्यात वळीव आला. आभाळ काळं झाल्याबरोबर शेठनी मेव्हण्याला फोन लावला, "आत्ताच्या आत्ता शेडची पॉलिसी काढ, पैसे महिनाअखेर देतो." मेव्हणा म्हणाला, "दाजी, विमा कायद्यात 64 व्हीबी कलम आहे. हप्ता जमा झाल्याशिवाय कंपनी जोखीम घेत नाही." गल्ल्यावर 'आज रोख, उद्या उधार' लावणाऱ्या शेठना विम्यातलं हे एकच कलम न समजावता पटलं. तेवढ्यात शेड उडाली.

चार दिवसांनी सर्व्हेअर आले. चहा घेतला, थाळी घेतली नाही. शेठच्या मनात तिथेच पाल चुकचुकली. ती शेड साइड मार्जिनमधली. महापालिकेच्या नोटिशीला शेठनी लेखी उत्तर दिलेलं, की हे बांधकाम नव्हेच, तात्पुरता मांडव आहे, कधीही काढता येतो. सर्व्हेअरना ते सांगत होते, "साहेब, पक्कं लोखंडी काम, आमच्या नातवापर्यंत टिकलं असतं." सर्व्हेअरनी शांतपणे परवानगीचा कागद मागितला, मग खरेदीचं बिल, मग यादी उघडली. यादीत शेड नव्हती.

उडालेला पत्रा स्वयंपाकघराचं छप्पर फोडून आत पडला होता, त्यात दोन लाखांचे फ्रीजर गेले. ते यादीत होते. पण 20 लाखांच्या यंत्रसामग्रीचा विमा हप्ता वाचवण्यासाठी 10 लाखांचाच काढलेला. 15 टक्क्यांपर्यंतची तूट कंपनी पोटात घालते, निम्मी घालत नाही. त्या प्रमाणात दोनाचा एक लाख मंजूर झाला. शेठ तेव्हापासून प्रत्येक टेबलाला सांगतात, "विमा म्हणजे शुद्ध फसवणूक."

यंदा पॉलिसीचं नूतनीकरण झालं. रक्कम वाढवली, झोपड्या यादीत आल्या. छत्र्या आणि पब्लिक लायबिलिटी राहिली, कारण त्याच दिवशी थर्टी-फर्स्टच्या डीजेला ॲडव्हान्स द्यायचा होता. तेव्हा वाचकहो, जेवायला जरूर जा, तिथला मटणरस्सा अस्सल आहे. फक्त ऑर्डर देण्याआधी छत्रीचा डबा पायाने एकदा हलवून बघा.